पंच्याखालची पाच बोटं

मित्रांनो, मी एक जुना पंचा. खांद्यावर टाकायचा, घाम पुसायचा, उन्हात डोक्याला गुंडाळायचा, तोच. हुबळी-धारवाडकडे कुणी मला पंचा म्हणतं, कुणी टॉवेल. दोन्ही हाकांना मी ओ देतो. माझा जन्म धारवाडजवळच्या एका खेड्यात, हातमागावर झाला. त्या गावात झेंड्याचं कापडही विणतात. भेटेल त्याला मी सांगत आलो, की ज्या मागावर झेंडा विणला त्याच मागावर मी विणला गेलो, आणि कात्री वीतभर इकडे सरकली असती तर आज तुम्ही उठून उभे राहून मला मानवंदना देत असता. खरं विचाराल तर तो माग चार घरं पलीकडे होता. पण चार घरं म्हणजे काही फार लांब नव्हे.

मला विणणारी बाई एका डोळ्यानं माग बघायची आणि दुसऱ्यानं चुलीवरचं दूध. लाल काठ घालताना तिचं दूध उतू गेलं, म्हणून माझा एक काठ जरा वाकडा आहे. एका पंच्यामागं तिला किती मिळत होते ते मी कधी विचारलं नाही. त्या वयात कोण विचारतं?

मला विकत घेतलं सदाशिवअण्णांनी. ते अमरगोळच्या मार्केट यार्डातले मिरचीचे व्यापारी. अंगानं किडकिडीत, आवाज खर्जातला, आणि खांद्यावर सदैव मी. मिरचीचा भाव जुनी माणसं तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहायचे, हातात हात द्यायचे, आणि त्या दोन हातांवर मला पसरायचे. आत बोटांनी बोलणं. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. शेकड्यात की हजारात, ते दोघांना आधीच ठाऊक. बाहेरचे लोक नुसते तोंडाकडे बघत उभे, आणि तोंडं म्हणजे देवळाच्या खांबासारखी, काही म्हणून कळू द्यायची नाहीत. आत मात्र रुसवे, विनवण्या, नखं टोचणं, सगळं चालायचं. माझ्याखाली एकदा हत्ती विकला गेला. म्हणजे होता बैलच, पण घासाघीस इतकी लांबली की सुटेपर्यंत त्याचा हत्ती झाला.

सदाशिवअण्णा पंच्याखाली दिलेला शब्द बदलत नसत. एका वर्षी त्यांनी सकाळी भाव धरला आणि दुपारी बाजार पडला. शेतकरी बिचारा आपण होऊन चार पैसे कमी घ्यायला तयार झाला. अण्णा म्हणाले, "बोटं माझीच होती की नाही? मग पैसेही माझेच जातील." यार्डात लोक म्हणायचे, पंच्याखालचा शब्द जो मोडतो त्याचा हात वाळतो. गंमत बघा, ज्यानं एकदाही मोडला नाही त्याचाच उजवा हात पुढे अर्धांगवायूनं लुळा पडला. अण्णा घरी खाटेवर गेले. दुकान आणि मी, दोघेही त्यांच्या मुलाच्या, शंकरअण्णाच्या खांद्यावर आलो.

तोवर यार्डात नवा नियम रुळला होता. भाव चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी पेटीत टाकायची. हात धरणं बंद. मी नुसता शोभेचा उरलो. शंकरअण्णा मला रोज धुवायचा, इस्त्री करायचा, आणि लोक म्हणायचे, बापाचा पंचा आहे, बापाचा शब्दही असेल.

मित्रांनो, इथवर मी थोडं वाढवून सांगितलं असेल. म्हाताऱ्या कापडाला ती खोड असते. इथून पुढं मात्र वाढवायला माझ्यापाशी काही नाही.

दुकानाच्या मागं पत्र्याची मोठी शेड होती. तिथं तीस बायका मिरचीच्या ढिगाभोवती बसायच्या आणि मिरचीचे देठ खुडायच्या. देठ काढलेल्या मिरचीला बाहेरगावी जास्त भाव मिळतो. एक बुट्टी, म्हणजे टोपली, भरली की बाजूला सारायची, दुसरी घ्यायची. दिवसात सात बुट्ट्या, हात चपळ असेल तर आठ. तुम्हाला काम सोपं वाटेल. पण मिरची बोटांच्या टोकांतून आत शिरते आणि आतच राहते. त्या बायका संध्याकाळी घरी जाऊन स्वतःच्या मुलांच्या तोंडावरून हात फिरवू शकत नसत. आधी ताकात हात बुडवायचे, मग तेल लावायचं, तरी पोर रडायचंच. शेडमध्ये शिंका अशा चालायच्या की परक्याला वाटावं, आत कुणी ताल धरून बसलंय.

त्या तीस जणींत दुर्गव्वा होती. बेळगावकडची, वय चाळिशीचं, आवाज स्वच्छ. तिचा नवरा परसू त्याच यार्डात हमाल होता. दुर्गव्वाशेजारी कायम कुसुमावती बसायची. दोघींचं एक पोतं, एक पाण्याचा तांब्या, एक डबा. अकरा वर्षं त्या एकाच ढिगाच्या एकाच बाजूला बसल्या होत्या.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. बुट्टीला तीन रुपये दर गेली चार वर्षं हललेला नव्हता. बसचं तिकीट वाढलं, तांदूळ वाढला, मिरचीसुद्धा वाढली, तीन रुपये तिथंच. हंगामाच्या पहिल्या दिवशी शंकरअण्णा शेडच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "यंदाही तीनच. परवडत असेल तर बसा."

बायका बसल्या. पण हात मांडीत ठेवून बसल्या.

"काय दुर्गव्वा, हात दुखतायत?" शंकरअण्णानं विचारलं.

"हात न्हाई अण्णा, पोट. बुट्टीला पाच पायजेत."

"पाच? मिरची खुडता की मोती ओवता?"

"मोती ओवायला येत असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? सोनारानं पाट दिला असता बसायला."

बायका हसल्या. शंकरअण्णाही हसला आणि निघून गेला. त्याला वाटलं, दुपारपर्यंत हात चालू होतील. झाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही झाले नाहीत. बाहेर दोन ट्रक उभे होते, ड्रायव्हर दर तासाला दुकानात डोकावून जायचा. तिसऱ्या सकाळी शंकरअण्णा पुन्हा दारात आला.

"साडेतीन घ्या आणि लागा कामाला. साकु. पुरे झालं."

तेव्हा दुर्गव्वा उठली. तिनं जे मागितलं ते यार्डात आजवर कुणा बाईनं मागितलं नव्हतं.

"असं दारातनं टाकू नका अण्णा, भाकरीचा तुकडा टाकल्यागत. तुमच्या वडलांनी मिरचीचा भाव कधी वरडून सांगितला न्हाई. पंच्याखाली हात देऊन ठरवला. आमच्या हाताचा भावबी तसाच ठरवा. हात द्या."

परसू पाठीवर पोतं घेऊन दाराशी आला होता, तो तसाच वाकलेला म्हणाला, "अगं, उघड्यावर बोल की. तीस बायका हायत, साठ कान हायत. पंचा कशाला मध्ये?"

"तुला जन्मात कुणी पंच्याखाली हात दिलाय?"

"न्हाई."

"मग पोतं टाक जा तिकडं."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला माहीत आहे, मित्रांनो, परसूचं बरोबर होतं. पण त्या बायकांकडे तुम्ही त्या वेळी बघायला हवं होतं. त्यांची मजुरी आजवर नेहमी दारातून ऐकू आली होती. व्यापारी ज्या मानानं व्यापाऱ्याशी बोलतो तो मान दुर्गव्वा त्यांच्यासाठी मागत होती. तीसही जणी उठून उभ्या राहिल्या होत्या. कुसुमावतीनं आपल्या पदरानं दुर्गव्वाचा हात पुसायला घेतला.

"ऱ्हाऊ दे," दुर्गव्वा म्हणाली, "त्यालाबी जरा झोंबू दे."

शंकरअण्णानं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग खांद्यावरून मला काढलं, झटकलं आणि हात पुढे केला.

किती वर्षांनी मी दोन हातांवर पसरलो होतो. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. दुर्गव्वाचा हात माझ्याखाली आला आणि मी दचकलो. व्यापाऱ्यांचे हात मला माहीत होते, मऊ, अंगठीचे. हा हात चुलीतल्या विटेसारखा होता. बोटांच्या टोकांची कातडी निघून गेली होती आणि खाली ओली लाली होती.

शंकरअण्णानं तिची तीन बोटं धरली. तिनं झटकली आणि त्याचा पंजा धरला. त्यानं चार बोटं धरली. तिनं पुन्हा पंजा धरला. तो चार बोटं दाबून बराच वेळ उभा राहिला. ती पंजा सोडेना. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. शेडमध्ये कुणी शिंकलंसुद्धा नाही. मग त्यानं तिची बोटं सोडली, तिचा हात उघडला आणि सगळा पंजा धरून खाली दाबला. पाच. अर्ध्यासाठी आडवं बोट असतं, दलालीसाठी तळहातावर नखाची रेघ असते. त्यानं बोट आडवं घातलं नाही, रेघ ओढली नाही. नुसते पाच.

दुर्गव्वानं हात बाहेर काढला आणि बायकांकडे तळवा करून उभी राहिली. सांगायची गरज नव्हती. कुसुमावती रडत होती. दिवसभर शेडमध्ये इतक्या शिंका आल्या की पत्रा हलत होता म्हणतात. निदान मी तसं म्हणतो.

शनिवारी मजुरी वाटायला शंकरअण्णा स्वतः गादीवर बसला. मी त्याच्या खांद्यावर होतो. पहिली बाई पुढे आली. तिच्या आठवड्याच्या चाळीस बुट्ट्या झाल्या होत्या. त्यानं तिच्या हातात एकशे साठ रुपये ठेवले.

"अण्णा, पाच ठरले होते."

"ठरले होते की," शंकरअण्णा शांतपणे म्हणाला. "पाचच सुटतायत माझ्या गल्ल्यातून. चार तुमचे, एक तुमच्या म्होरकीचा. तिला दलाली नको? या यार्डात फुकट कोण बोलतं?" आणि त्यानं नोटांचं एक वेगळं पुडकं गादीवर दुर्गव्वाच्या बाजूला सरकवलं. "घे दुर्गव्वा. पंच्याखाली ठरलं तसंच आहे. मोजून घे."

मित्रांनो, खोटं बोलायला मीही कमी नाही. पण माझ्या खोट्यानं बैलाचा हत्ती होतो, माणसाचा चोर होत नाही.

"खोटं हाय," दुर्गव्वा म्हणाली. "पाच धरले त्यानं. आमचे पाच."

"आम्ही काय बघितलं?" मागून एक जण म्हणाली. "वर टॉवेल होता."

"म्हणून टॉवेल मागितलास होय?" दुसरी म्हणाली. "परसू उघड्यावर बोल म्हणत होता. त्याला गप केलीस."

दुर्गव्वा एकेकीला उत्तर देत होती. तिचा आवाज चढला होता, पण फुटला नव्हता. मग कुसुमावती पुढे आली आणि अगदी हळू म्हणाली, "दुर्गव्वा, एक रुपया तुझा होता का गं?"

दुर्गव्वानं तोंड उघडलं आणि मिटलं. बाकीच्या अठ्ठावीस जणींना ती सांगू शकत होती. जिनं विचारायलाच नको होतं तिनं विचारलं आणि तिचा शब्दच गेला. ती नुसती बघत राहिली. बायकांनी तो गप्पपणा ऐकला आणि त्यांना उत्तर मिळालं.

नंतर तिनं जे केलं ते रागाच्या भरात केलं. गादीवर चढून शंकरअण्णाच्या खांद्यावरून मला ओढलं आणि सगळ्यांसमोर धरलं. "हा होता तिथं. मी हुते, ह्यो शंकरअण्णा हुता आणि हा पंचा हुता. ह्याला सांगू दे."

माझ्या अंगात जेवढे धागे होते तेवढे ताणले गेले. पण कापड ते कापड.

शंकरअण्णा हसला. दोन्ही हात जोडून म्हणाला, "घेऊन जा अक्का. आहेर समज."

आमच्या यार्डात एक रीत आहे. हंगाम संपला की मालक आपल्या मर्जीतल्या हमालाच्या, मुकादमाच्या खांद्यावर नवा पंचा टाकतो, त्यालाच आहेर म्हणतात. ज्याच्या खांद्यावर पंचा, तो मालकाचा माणूस. शंकरअण्णानं तो शब्द विचार करूनच वापरला होता. दुर्गव्वा मला हातात घेऊन यार्डाच्या दारातून बाहेर पडली तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक बघत होते. ती साक्षीदार घेऊन चालली होती. त्यांना आहेर दिसत होता. नोटांचं पुडकं तिनं शिवलंसुद्धा नव्हतं. ते शंकरअण्णानं पुन्हा गल्ल्यात टाकलं. पण ती घरी पोचायच्या आत सगळीकडे झालं होतं, की दुर्गव्वानं पैसेही घेतले आणि वर पंचाही घेतला.

संध्याकाळी परसू घरी आला. त्यानं मला खुंटीवर बघितलं. "मी सांगितलं होतं," एवढंच म्हणायचा त्याला हक्क होता. तो म्हणाला नाही. भाकरी केली नव्हती, ती त्यानं स्वतः थापली. वेडीवाकडी झाली.

सोमवारी दुर्गव्वा कामावर गेली. तिला कुणी जा म्हटलं नाही. ढिगाच्या त्या बाजूला कुसुमावतीनं आपलं पोतं आडवं पसरलं होतं, दोघींची जागा एकटीनं भरून. दुर्गव्वा दाराशी, जिथं ऊन येतं तिथं बसली. पाण्याचा तांब्या तिच्यापर्यंत फिरला नाही. चार दिवस ती तशी बसली. पाचव्या दिवशी उठली ती परत गेली नाही. बायकांना हंगामभर चार रुपयेच मिळाले. तीनाचे चार झाले म्हणून त्या तशा खूश होत्या, आणि पाचवा रुपया आठवला की दुर्गव्वाला शिव्या देत होत्या. शंकरअण्णाला कुणी शिवी दिली नाही.

मग तिनं हुबळीकडची खोली सोडली आणि धारवाडला एक खोली घेतली. परसू रोज बसनं अमरगोळला जायचा. दुर्गव्वा तिथल्या मळमड्डी भागात धुण्याभांड्याची कामं धरू लागली. पहिल्याच घरी, शाळेत शिकवणाऱ्या हेमावतीबाई होत्या त्यांच्याकडे, तिनं मोठी अडचण केली. बाई म्हणाल्या, "आत या, बसा, पगाराचं बोलू."

"हितंच फाटकात बोला अक्का."

"रस्त्यावर?"

"हौ. आणि त्या शेजारच्या बाईंना जरा बोलवा."

"त्यांचा काय संबंध?"

"संबंध कायबी न्हाई. ऐकू दे त्यांना."

हेमावतीबाई चांगल्या होत्या. त्यांनी शेजारणीला हाक मारली आणि तिच्यादेखत महिन्याचा आकडा सांगितला. शेजारीण म्हणाली, "ऐकलं बाई." दुर्गव्वानं मान हलवली आणि भांडी घासायला आत गेली. पुढे मळमड्डीत तिची थट्टा व्हायची, ही बाई साक्षीदारांशिवाय कप विसळत नाही म्हणून. तिलाही हसू यायचं. पण तिनं ती पद्धत एकाही घरी मोडली नाही.

मी तिच्या खोलीत खुंटीवर होतो. सात वर्षं. तिनं कधी माझ्यानं घाम पुसला नाही, कधी मला डोक्याला गुंडाळलं नाही. दिवाळीला धुवायची, वाळवायची, घडी करून पुन्हा खुंटीवर. परसू एकदा म्हणाला, "वापर की. कापड कुजतंय नुसतं." ती म्हणाली, "साक्षीदाराला कामाला लावतंय का कोण?"

दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी दारात सावली पडली. दुर्गव्वा तांदूळ निवडत होती.

"कोण?"

"मी. कुसुमा."

दुर्गव्वानं सुपातून डोकं वर काढलं नाही. "दार उघडंच हाय."

कुसुमावती आत येऊन भिंतीला टेकून बसली. केस पिकले होते. बोटं तशीच, लाल. तिनं मला बघितलं. "अजून ठेवलायस?"

"हौ."

सुपात तांदूळ वाजत होते.

"दुर्गव्वा, तुझं खरं होतं."

"ते मला ठाऊक होतं की."

"यंदा बायकांनी मला पुढं केलं. बोलले मी. दोघांतच आठ ठरले. बाहेर सांगायच्या आधीच त्यानं मला अडवलं. म्हणाला, बाहेर सात सांग. सात त्यांचे, एक तुझा. नको म्हणालीस तर सगळ्यांसमोर देईन, दुर्गव्वाला दिला तसा."

सूप थांबलं. "मग?"

कुसुमावती जमिनीकडे बघत होती.

"घेतला."

"किती आठवडे?"

"सहा." आणि मग घाईघाईनं, "न्हाई घेतला तरी म्हणणारच होत्या गं. तुला म्हटलंच की सगळ्यांनी."

"तू म्हटलंस," दुर्गव्वा म्हणाली.

मला वाटलं आता ती तिला हाकलणार. ती उठली आणि स्टोव्ह पेटवला. पाठमोरी उभी राहून म्हणाली, "साखर चालते न्हवं अजून? का डॉक्टरनं बंद केलीय?"

"चालते."

चहा पिऊन झाल्यावर दुर्गव्वा म्हणाली, "जाऊन सांग बायकांना."

"मला बसू देणार न्हाईत ढिगावर."

"न्हाई देणार. मला कुठं दिलं?"

"मग कशाला सांगू? पोरीचं लग्न हाय माझ्या."

"आठ त्यांचे हायत म्हणून सांग."

कुसुमावती उठली. दाराशी थांबून तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण दुर्गव्वा कप विसळायला बसली होती आणि तिची पाठ वळलेली होती. सावली दारातून गेली.

पंधरा दिवसांनी परसू कामावरून आला आणि चप्पल काढता काढता सांगू लागला. कुसुमावती बाजाराच्या दिवशी, यार्ड गच्च भरलेलं असताना, दुकानाच्या कट्ट्यावर चढून उभी राहिली आणि आपण काय केलं ते सगळं बोलली होती. स्वतः घेतलेले सहा आठवड्यांचे पैसेही तिनं कट्ट्यावर ओतले. बायकांनी तिला ढिगावरून उठवलं. कुणी तरी तोंडावर मारलंसुद्धा. पण त्याच बायका मग शंकरअण्णाच्या दारात गेल्या आणि आठच्या आठ घेतल्याशिवाय हलल्या नाहीत. आता दर तोंडानं, सगळ्यांसमोर ठरतो आणि प्रत्येक बाई तो आकडा मोठ्यानं म्हणते.

"आठ मिळाले?" दुर्गव्वानं विचारलं.

"आठ. पुढल्या हंगामाला नऊ म्हणतायत."

"बरं झालं." तिनं पदराला हात पुसले. "माझं काय निघालं का बोलण्यात?"

परसू चपलेचा अंगठा दाबून बसवत होता. "न्हाई."

"कुणीच न्हाई?"

"निम्म्या बायका नव्या हायत गं. त्यांना ठाऊकबी न्हाईस तू. जुन्या हायत त्या..."

"कुसुमा?"

"ती आपल्या गुन्ह्याचंच बोलली. तेवढ्यातच आरडाओरडा झाला."

दुर्गव्वानं मान हलवली. मग ती उठली, खुंटीवरून मला काढलं, आणि सात वर्षांची माझी घडी मोडून गुडघ्यावर बसून जमीन पुसायला लागली. परसू म्हणाला, "काय सांडलंय?" जमीन कोरडी होती. ती बराच वेळ पुसत राहिली, आणि परसू चपला हातात घेऊन दाराशी उभा राहिला.

त्या दिवसापासून मी तिच्या घरचं पोतेरं आहे. लाल काठ गेला, मधे दोन भोकं पडली. मला मळाचं वाईट वाटत नाही. जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. मला ते मागायचं नाही. मी फाटेन, तो कापडाचा धर्मच आहे.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणाच्या हाताखाली काम कराल, कुणाच्या हातून काम करून घ्याल. दर ठरवायची वेळ आली की हात उघड्यावर ठेवा आणि मोठ्यानं बोला, मग समोरचा कितीही मान देऊन झाकून बोलू म्हणो. आणि सगळ्यांच्या वतीनं बोलायला तुम्ही कुणाला पुढं केलंत, तर तिच्या डाव्या-उजव्या बाजूला दोघं जाऊन उभे राहा. तिला एकटीला पाठवू नका, आणि परत आल्यावर तिला तो प्रश्न विचारू नका.

पाच बोटं होती. माझ्याखालीच धरली होती. मी ते आजही शपथेवर सांगेन, पण ज्या शनिवारी सांगायला हवं होतं त्या शनिवारी मी नुसता तिच्या हातात लोंबत राहिलो.